मासा सोडून देणारे अध्यक्ष

डोहातले खडस मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, हेच शाल्मलीला आधी खटकलं. वैशाखात डोह आटून पाणी पार कोमट झालं होतं. तेवढ्यात कानाजवळून गळ सुईंकन गेला आणि ती किंचाळलीच. मागे मत्स्यछंद मंडळाचे अध्यक्ष उदाजीराव उभे!

“काका, आज नको ना! तापलेल्या पाण्यात त्यांना श्वास पुरत नाही. मरतील हो.”

“मरतील कसे? मी मासा दमवतो, फोटो काढतो, सोडून देतो. कॉलेज शिकलीस तरी भित्री ती भित्रीच!”

“येसूकाकू, सांगा ना यांना!” तिने पलीकडे धुणं धुणाऱ्या काकूंना हाक मारली. पण अध्यक्षांपुढे कोण बोलणार? नुसता धोपटण्याचा आवाज आला.

आता मात्र शाल्मलीची जीभ सुटली. “मग काका, या उन्हात तुम्ही देवळाचा चढ पळत चढा. धाप लागली की नाकातोंडावर ओला पंचा बांधू, फोटो काढू आणि सोडून देऊ. आम्हीसुद्धा काही मारणार नाही तुम्हाला!”

उदाजीरावांनी चढाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि गळाची दोरी गुंडाळायला घेतली.

तेव्हा कुठे पलीकडून येसूकाकूंचा खणखणीत आवाज आला, “अगं, पंचा भिजवून ठेवलाय! पाठव त्यांना!”