शिळवण्याच्या पाण्यापाशी 'येतो' म्हणत नाहीत

शिळवणे जलाशयाचे पाणी स्थिर राहत नाही. वारा पडलेला असतानाही लहान लाटा पूर्वेकडील धरणाच्या भिंतीवर येऊन आपटतात, मागे सरतात, पुन्हा येतात. वास्तविक पाण्याची ओढ पश्चिमेच्या बोगद्याकडे असायला हवी. तेथूनच ते डोंगराच्या पोटातून कोकणातल्या वीजघरावर उतरते. या काठाची एक रीतही आहे. निघताना आपण सारेच 'येतो' म्हणतो, 'जातो' अशुभ मानतो; येथे मात्र पाण्यासमोर 'येतो' म्हणणे वर्ज्य आहे. दोन्हींचे कारण एकच, असे आंबजाईच्या देवळाचे वृद्ध पुजारी धाकलू गुरव सांगतात.

आंबजाई नदी पूर्वी पूर्वेला वाहत असे. शिळवण्याच्या मुली तिच्याच काठाने खाली तळकोंडला नांदायला जात. नदीकाठी ओटी भरायची, मुलीने पूर्वेकडे तोंड करून 'येते' म्हणायचे आणि मगच पाऊल उचलायचे, अशी पद्धत होती. ठकूबाईची एकुलती एक लेक सुंद्रा अशीच गेली होती.

पुढे नदीवर धरण झाले आणि गाव उठून वरच्या टेकाडावर गेला. बोगदा उघडला, पण पाणी म्हणे वळेना. बोगद्याच्या तोंडाशी जाई आणि माघारी फिरे. पातळी चढत चढत नव्या वस्तीच्या उंबऱ्यांना लागली. बोगदा मोकळा आहे, उतार बरोबर आहे, एवढेच साहेब पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

धाकलूंचे आजोबा तेव्हा गुरव होते. ते म्हणाले, "वळंल कशी? तिची पाठवणी कुणी केली? लेक अशी ढकलून घालवत्यात व्हय?"

ओटी भरायचा मान नदीकाठच्या पहिल्या घराचा, म्हणजे ठकूबाईचा. ती उसळून म्हणाली, "नदी वळवली सायबानं, ओटी बी त्येलाच भरू द्या की!"

"सायबाच्या हातात खण बघून नदी हसंल, ठकू, वळायची न्हाई."

"आन् माझ्या सुंद्रीनं काय प्यायचं? लेकीचं पाणी आईनंच तोडायचं?"

पाणी मात्र चढत होते आणि वस्तीला दुसऱ्यांदा उठायला वर जागा उरली नव्हती. अखेर ठकूबाईने खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले. नदी बोलत नाही. म्हणून तिच्या वतीने निरोपाचा शब्द ठकूबाईनेच उच्चारायचा होता, पश्चिमेकडे तोंड करून. पण ती वळली पूर्वेला, लेकीच्या गावाकडे, आणि म्हणाली, "येते."

पाणी त्याच क्षणी बोगद्यात शिरले, असे सांगतात. गुरवांनी मात्र कपाळावर हात मारला. "ठकू, काय केलंस? जाया लागली हिकडं आन् सबूद दिलास तिकडं!"

ती चुकली की तिने जाणून केले, याविषयी एकमत नाही. शिळवण्यात याला सवयीची चूक म्हणतात. तळकोंडला ही चूक कोणीच मानत नाही. तेथील सांगण्यानुसार, पात्र कोरडे पडल्यावर सुंद्रा रागाने माहेरी आली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मी नदीकडनं 'येते' वदवून घेतलंय. वाट बघ." त्या पावसाळ्यात जलाशय इतका भरला की धरणाचे दरवाजे उघडणे भाग पडले. नदी आपल्या जुन्या पात्रात उतरली तेव्हा सुंद्रा हळदकुंकू घेऊन काठावर उभी होती.

तेव्हापासून या पाण्यासमोर दिलेला शब्द पाणी धरून ठेवते, अशी समजूत आहे.

ही गोष्ट ऐकून काठावरून निघताना आम्हा पाहुण्यांपैकी एकजण सवयीने म्हणाला, "येतो, आजोबा."

धाकलू गुरवांनी आधी पाण्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "झालं! आता यावंच लागंल, पावणं. ही बाय अजून सबदाला जागतीया. तुमचं तुम्ही बघा."

आम्ही उरलेल्यांनी चाचरत 'जातो' म्हटले.

आजही दरवाजे उघडतात त्या दिवशी तळकोंडच्या बायका 'पूर आला' असे म्हणत नाहीत, 'आली' म्हणतात. आणि दरवाजे बंद असतात तेव्हा पाणी भिंतीवर येऊन आपटते, मागे सरते, पुन्हा येते.