भाजलेलं उंबर

उठायचा सिग्नल आला तरी संगणकाच्या गाभ्यातल्या आपल्या ‘ड्रायव्हर’ प्रोग्रॅमला ढाराढूर झोपू देणारे शहाणे प्रोग्रॅमर जन्मायच्या फार आधीची ही गोष्ट. एका धनेश पक्षिणीने अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरून दार आतून चिखलाने लिंपलं. चोचीपुरती फट ठेवून नवऱ्याला बजावलं, “उंबर आलं तरच उठेन. उगाच हाका मारू नका.”

अंडी घालायच्या आधीच डोंगराला वणवा लागला. धनेश फटीशी ओरडला, “अगं, दार फोड! आग आली!”

“उंबर आणलंत?” आतून जांभई आली.

“उंबराचं झाडच पेटलंय, बाई!”

“मग दुसऱ्या झाडाचं आणा,” म्हणून ती पुन्हा झोपली.

धनेशाच्या अंगाचा तिळपापड झाला. घसा फोडतोय तो कुणासाठी! बाहेरून भिंत फुटेना, आणि धूर तर बुंध्याशी आलेला. संतापाने तो पेटल्या झाडाकडे झेपावला, एक भाजलेलं उंबर उचललं आणि फटीतून थेट तिच्या चोचीत कोंबलं.

“आई गं!” किंचाळत तिने दार फोडलं, धूर पाहिला आणि उडाली.

पलीकडच्या कड्यावर टेकताच ती फणकारली, “गरम आहे, हे आधी सांगता येत नव्हतं?”

धनेशाने उत्तर द्यायला चोच उघडली. ओरडून बसलेल्या घशातून नुसती खरखर आली. धनेशांच्या आवाजातली ती खरखर अजून गेलेली नाही.