उत्तरेच्या भिंतीतलं खिंडार

शाल्मलीने ओ का दिली नाही, या एका प्रश्नापायी मी तीन रात्री जागून काढल्या. चार वर्षांची मुलगी. न्हाणीघराची कडी आतून लावून बसली, मी वीस मिनिटं दार बडवत हाका मारल्या, आणि आतून हूं की चूं नाही. शेवटी सुताराने दार काढलं. माझं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून रविवारी नवऱ्याने आम्हाला खाडीकाठचा पाद्र्यांचा जुना मठ बघायला नेलं.

मठाचं चर्च आता बिनछपराचं आहे. वेदीवरची कमान शाबूत, दगड नेटके घडवलेले; पण उत्तरेच्या भिंतीत मात्र माणूस वाकून शिरेल एवढं खिंडार.

"ही भिंत पोकळ आहे," गावचे बस्त्यावकाका म्हणाले. "आत जिना होता."

असं सांगतात, की बांधकाम चालू असताना पाद्र्यांनी मनोरा दुसऱ्या अंगाला घ्यायचं ठरवलं आणि हा जिना निकामी झाला. पेद्रू गवंड्याने त्याचं वरचं तोंड बुजवलं. कालवलेला चुना त्याच दिवशी संपवायचा हा गवंड्यांचा नेम. म्हणून उरलेल्या चुन्याने खालचं तोंडही त्याने घाईघाईत, आत न डोकावताच चिणलं. आत त्याची मुलगी रोझा खेळत होती.

तिन्हीसांजेला तिची आई कातरीन भिंतीभिंतीने हाका मारत फिरली. रोझाने प्रत्येक हाक ऐकली, म्हणे. पण मठात मौन असतं, आवाज केलास तर बाबाचं काम जाईल, हे आईनेच तिला पढवलं होतं. ती तोंडावर हात धरून शहाण्यासारखी बसून राहिली. शेवटी कातरीन भिंतीला टेकून रडू लागली, तेव्हा कुठे आतून रडणं आलं. तरी पाद्र्यांच्या हुकमाशिवाय मठाच्या ताज्या भिंतीवर घण घालायची पेद्रूची छाती होईना. तेव्हा वीस वर्षं मौनात असलेले थोरले पाद्री पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फोड."

आजही ते खिंडार कुणी बुजवत नाही. आजही गावातली आई लेकराला बाहेर ठेवून आत शिरते आणि हाक मारते. लेकराने ओ दिली की मगच बाहेर यायचं.

"आणि नाही दिली तर?" मी विचारलं.

"थांबायचं. तुम्हाला कुठे जायचंय?"

मी घरून काम करते. 'मीटिंग चालू आहे, अजिबात आवाज नको' हे मी शाल्मलीला दिवसातून किती वेळा सांगते, ते काही काकांना सांगितलं नाही. आत शिरले. दोन्ही खांद्यांना गार दगड लागत होते, धड वळताही येईना. एक हाक मारली. मग दुसरी. बाहेर तिच्या चपला वाजत होत्या, म्हणजे ती तिथेच होती.

तिसऱ्या हाकेला खिंडारातून तिचं तोंड आत आलं.

"आई," ती कुजबुजली, "तुझी मीटिंग संपली?"