भूस तुझं, दाणा माझा

एक होतं खळं. खळ्यात होती गव्हाची रास. राशीशेजारी उभं होतं एक नवंकोरं यंत्र.

उफणणीचं यंत्र! पोटात मोठा पंखा. कुशीला लांब दांडा. मळलेला गहू वरून ओतायचा. दांडा फिरवायचा. घर्रर्र घर्रर्र! गहू खाली पडायचा, टप टप टप. भूस लांब उडायचं, फुर्र फुर्र फुर्र.

केरबानानांनी यंत्राला कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. झालं! यंत्र फुगलं.

"जड ते धान्य. हलकं ते भूस. निवडणारा मी!" यंत्र म्हणायचं. "मला वारा नको. माझा वारा मीच करतो!"

त्या खळ्यावरून चालली होती एक मुंगी. नाव तिचं कणी. डोक्यावर गव्हाचा दाणा. दाणा हा एवढा! कणी ही एवढीशी. घरी बाळमुंग्या वाट बघत होत्या. भुकेने रडत होत्या.

इतक्यात यंत्र फिरलं. घर्रर्र घर्रर्र! फुर्र फुर्र फुर्र!

कणी पडली उलटी. मग पडली पालथी. दाणा गेला घरंगळत. त्याच्यावर भूस पडलं. आणखी भूस पडलं. भुसाचा झाला ढीग. दाणा गेला ढिगाखाली.

मग नानांनी दांडा सोडला. यंत्र थांबलं.

कणीने भुसाची एक काडी ओढली. ढीग तेवढाच. दुसरी काडी ओढली. ढीग तेवढाच.

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. यंत्राकडे आली.

"यंत्रराव, यंत्रराव, माझा दाणा भुसाखाली गेला. एक फुंकर मारा. भूस उडवा."

यंत्राने खाली बघितलं. "कोण बोलतंय? काही दिसत नाही."

"मी कणी."

"किती हलकी गं तू! म्हणजे तूही भूसच. भुसाशी मी बोलत नाही."

"बोलू नका. नुसतं फुंका. तुमचा वारा तुम्हीच करता ना?"

"करतो की! मीच करतो! पण आधी दांडा फिरू दे. मग मी फुंकर मारीन."

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. दांड्याकडे आली.

"दांडोबा, दांडोबा,
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तुम्ही तरी फिरा."

दांडा कुरकुरला. कुईं कुईं. "मी कसा फिरू? मला काय हात आहेत? आधी नाना उठू देत. मग मी फिरेन."

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. नानांकडे आली. नाना लिंबाखाली आडवे पडले होते. तोंडावर टॉवेल. घुर्रर्र घुर्रर्र!

"नाना, नाना,
दांडा गरगर फिरेना.
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तुम्ही तरी उठा."

नानांनी टॉवेलाचा एक कोपरा उचलला. एक डोळा उघडला. "फार दमलोय गं."

"काय काम केलंत?"

"एका हाताने दांडा फिरवला आणि यंत्र चालताना बघितलं. सकाळपासून बघतोय. सोपं असतं का ते? आधी काकू चहा करू देत. मग मी उठेन."

टॉवेल पुन्हा तोंडावर. घुर्रर्र घुर्रर्र!

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. अंजनाकाकूंकडे आली. काकू चुलीपाशी बसल्या होत्या.

"काकू, काकू,
नाना काही उठेनात.
दांडा गरगर फिरेना.
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तुम्ही तरी चहा करा."

"पुन्हा चहा?" काकूंनी पदर खोचला. "यंत्र आलं काय, आणि ह्यांना चहाशिवाय दुसरं कामच उरलं नाही! हे बघ. दुधाचं भांडं पालथं पडलंय. आधी म्हैस दूध देऊ दे. मग मी चहा करीन."

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. गोठ्यात आली. म्हैस उभी होती. शेपटी हलवत होती. सपक् सपक्!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
काकू चहा करेनात.
नाना काही उठेनात.
दांडा गरगर फिरेना.
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तू तरी दूध दे."

म्हैस म्हणाली, "हम्मऽ! माझी गव्हाण रिकामी. आणि दूध द्यायचं? वा गं वा! आधी गव्हाणीत भूस येऊ दे. मग मी दूध देईन."

"पण मावशी, त्या भुसातच माझा दाणा आहे!"

"असू दे. तोही खाईन. कुरकुरीत लागतो."

कणी घाबरली. म्हशीने दाणा खाल्ला तर? बाळमुंग्यांनी काय खायचं?

कणी निघाली. आता पळतच निघाली. तुरू तुरू तुरू तुरू! भुसाकडे आली.

"भुसा रे, भुसा रे,
म्हैस दूध देईना.
काकू चहा करेनात.
नाना काही उठेनात.
दांडा गरगर फिरेना.
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तू तरी जागचं हल. गव्हाणीत जा. पण माझा दाणा इथेच ठेव."

भूस खसखसलं. खस् खस् खस्. "मी? आपणहून हलू? छे गं! कुणी उडवावं, मग आम्ही उडावं. आमच्या घराण्याची रीत आहे ती. आधी वारा येऊ दे. मग मी हलेन."

"वारा कुठे आहे?"

"पिंपळावर बसलाय. रुसलाय."

खळ्याच्या कडेला पिंपळ होता. उंच, उंच, उंच! सगळी पानं गप्प होती. शेंड्याला एकच पान हलत होतं. लुक लुक, लुक लुक.

कणी चढली. तुरू तुरू. फांदीवर चढली. तुरू तुरू. शेंड्यावर चढली. तुरू तुरू. त्या एका पानावर वारा बसला होता. गाल फुगवून.

"वारेदादा, वारेदादा,
भूस जागचं हलेना.
म्हैस दूध देईना.
काकू चहा करेनात.
नाना काही उठेनात.
दांडा गरगर फिरेना.
यंत्र फुंकर मारेना.
दाणा माझा मिळेना!
तू तरी ये."

पान हलत राहिलं. लुक लुक.

कणी म्हणाली, "आता तू मला कुणाकडे पाठवणार?"

"कुणाकडे पाठवू?" वारा म्हणाला. "माझ्यापुढे कुणीच नाही."

"मग येत का नाहीस?"

"मला बोलावतं कोण? पूर्वी आप्पा बोलवायचे. आप्पा म्हणजे नानांचे वडील. खळ्यात उंच तिवई मांडायचे. तिच्यावर उभे राहायचे. सूप वर धरायचे. आणि मला हाक मारायचे, 'ये रे वाऱ्या, खळ्यात ये! भूस तुझं, दाणा आमचा!' मग मी धावत यायचो."

"आता?"

"आता आप्पा नाहीत. सूप खुंटीला आहे. खळ्यातून हाक येत नाही."

कणीने खाली खळ्याकडे बघितलं.

मग कणी म्हणाली, "मी मारू हाक?"

"मार की! पण खळ्यातून मारायची. तीच आमची रीत."

"माझा आवाज लहान आहे."

"मला लहान आवाज ऐकू येतो. पण कणे, मी आलो की हलकं ते उडतं. तू तर फारच हलकी. उडशील."

"बघू," कणी म्हणाली.

कणी उतरली. तुरू तुरू. खळ्यात आली. तुरू तुरू. भुसाच्या ढिगापाशी उभी राहिली. पाय रोवले. मान वर केली. सगळा जीव आवाजात आणला.

"ये रे वाऱ्या, खळ्यात ये!
भूस तुझं, दाणा माझा!"

यंत्र खो खो हसलं. "भूस हाका मारतंय! ऐका हो ऐका! भूस हाका मारतंय!"

पिंपळाचं एक पान हललं. मग दोन हलली. मग सगळीच हलली. सळ सळ सळ सळ!

वारा आला! सूं सूं सूं सूं!

ढिगाचं वरचं भूस उडालं. मधलं भूस उडालं. तळचं भूस उडालं. यंत्राच्या डोक्यावरून गेलं. मागच्या गोठ्यात गेलं. हार उडाला, तोही गेला.

कणीचा एक पाय सुटला. दुसरा पाय सुटला. कणी निघाली उडून...

तेवढ्यात भुसाखालून दाणा दिसला. टपोरा टपोरा, सोनेरी!

कणीने झेप घेतली. दाण्याला मिठी मारली. सगळ्या पायांनी घट्ट धरला.

सूं सूं सूं सूं! वारा आला. वारा गेला. काड्या गेल्या. फोलपटं गेली. दाणा जड. दाणा जागचा हलला नाही. आणि कणीही हलली नाही.

आता पुढे काय झालं?

भूस हललं. गव्हाणीत पडलं.
म्हशीने भूस खाल्लं. दूध दिलं. चुळ चुळ चुळ!
काकूंनी चहा केला. फस् फस् फस्!
नाना उठले. कपातला चहा बशीत ओतला. एका हातात बशी धरली. दुसऱ्या हाताने दांडा धरला.
दांडा फिरला. कुईं कुईं कुईं!
आणि सगळ्यांत शेवटी यंत्र जागं झालं. घर्रर्र घर्रर्र!

"बाजूला व्हा!" यंत्र ओरडलं. "आता मी भूस उडवणार! आता मी दाणा काढणार!"

पण समोर भूसच नव्हतं. दाणा कधीच निघाला होता. यंत्राच्या पोटात राहिलं होतं मूठभर जुनं भूस. तेच त्याने जोरात फुंकलं.

समोरून वारा येत होता. वाऱ्याने ते भूस परत पाठवलं. सगळंच्या सगळं!

भूस गेलं यंत्राच्या तोंडात. भूस गेलं नानांच्या मिशीत. भूस पडलं बशीतल्या चहात.

"आक्छी!" नाना शिंकले.
"आऽऽक्छी!" यंत्र शिंकलं. घर्र-आक्छी! फुर्र-आक्छी!

अंजनाकाकू हसता हसता खाली बसल्या. "अहो, वाऱ्याच्या तोंडासमोर तोंड करून कुणी उफणतं का? आप्पा काय सांगायचे? वाऱ्याला पाठ द्यावी, मग भूस उडवावं!"

नानांनी मिशी पुसली. बशी खाली ठेवली. यंत्राला दोन्ही हातांनी धरलं. ओढलं. फिरवलं. त्याची पाठ वाऱ्याकडे केली.

मग नानांनी पिंपळाकडे बघितलं. हळूच म्हणाले, "ये रे वाऱ्या, खळ्यात ये."

पिंपळ सळसळला. सळ सळ सळ सळ!

"दाणा मीच काढला!" यंत्र म्हणालं. "मीच... आक्छी!... मीच काढला!"

कुणी ऐकलं नाही.

कणीने दाणा डोक्यावर घेतला. दाणा हा एवढा! कणी ही एवढीशी. यंत्रासमोर आली. थांबली.

"यंत्रराव, यंत्रराव, जड ते काय?"

"धान्य. आक्छी!"

"हलकं ते काय?"

"भूस. आक्छी!"

"भूस कुठे गेलं?"

"गो... गोठ्यात गेलं."

"आणि मी कुठे आहे?"

यंत्राने तोंड उघडलं. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"आक्छी!"

कणी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. घरी आली. बाळमुंग्या धावत आल्या. एकीने दाण्याचं टोक खाल्लं. एकीने पोट खाल्लं. एक खाता खाताच झोपली. कुट् कुट् कुट्, घुर्र.

दाणा गेला वारुळात.
भूस गेलं गव्हाणीत.
वारा गेला पिंपळात.
आणि ही गोष्ट?
ही आली तुझ्या कानात. घट्ट धरून ठेव!