बगळ्याचे चकचकीत शंख

समुद्राचं पाणी अजून गोड होतं, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावर वेणू नावाची एक खेकडी रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहायची. अंगानं वाढली तसा तो शंख तिला काचू लागला.

एका सकाळी बगळ्यानं वाळूवर चकचकीत शंख मांडले. "जुना द्या, नवा न्या. वर काही नको. फक्त ताई, भरती आली की बाजार उठणार. जुना आधी काढून द्या, मग नवा घाला."

वेणूला भुरळ पडली. ती अर्धी बाहेरही आली. तेवढ्यात उघड्या पाठीला वारा झोंबला आणि तिला आईची शिस्त आठवली. नांगी आत फिरवल्याशिवाय घर बदलायचं नाही.

"थांबा दादा, आधी आतून चाचपते."

"एवढा अविश्वास? बाकी कुणी नाही चाचपलं."

"मग त्यातलं कुणी दिसत कसं नाही?"

वेणूनं नव्या शंखात नांगी घातली, तर ती मागच्या बाजूच्या, चोच सहज आत जाईल एवढ्या भोकातून थेट बाहेर निघाली. तिनं नांगी ओढून घेतली, जुन्या शंखात पार आत शिरली आणि नांगीनंच दार लावलं. बगळ्यानं वरून चोच आपटून पाहिली आणि कंटाळून उडून गेला.

सकाळी काचणारा तोच शंख आता तिला चांगला ऐसपैस वाटत होता.