तात्यासाहेबांच्या बारा धावा

माझा थोरला भाऊ धनाजी फाल्गुनात गेला. तो नेहमी मैदानाच्या तळ्याकडच्या टोकाकडून गोलंदाजी करायचा, म्हणून त्या टोकाला त्याचं नाव द्यायचं पोरांनी ठरवलं. क्लबचे अध्यक्ष तात्यासाहेब मुळीक आडवे आले.

"नाव सगळ्यांत भारी गोलंदाजाचं लागतं," ते सभेत म्हणाले. "धनाजीला एक विकेट चौदा धावांना पडायची. माझ्या काळात मला नऊ धावांना. आकडे खोटं बोलत नाहीत."

माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. "फलंदाजीत तुमची सरासरी बाराच होती ना? मग क्लबचे सगळ्यांत मोठे फलंदाज म्हणून मिरवता कसे?"

"अरे येड्या, खेळपट्टी होती का ती? नांगरलेलं रान नुसतं. चेंडू कधी नाकावर, कधी घोट्यावर. आख्खा संघ चाळिशीत गुंडाळला जायचा. तेव्हाच्या बारा धावा म्हणजे आजच्या साठ."

"म्हणजे एकीच्या पाच?"

"पाचच. कुणालाही विचार."

"मग तुम्ही एका विकेटमागे दिलेल्या नऊ धावा म्हणजे आजच्या पंचेचाळीस झाल्या, तात्यासाहेब. माझा भाऊ चौदाच द्यायचा."

असा हशा उठला की मागचा बाक उलटला. मीही पोट धरून हसत टाळीसाठी शेजारी हात पुढे केला. सभेत तिथे धनाजी बसायचा. हात तसाच राहिला.

तात्यासाहेब उठून आले आणि त्यांनीच टाळी दिली. म्हणाले, "टोक धनाजीचं. माझ्या साठ मात्र साठच ठेवा."