परत आलेल्या घोंगड्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना वेशी होत्या, वेशींना दारं होती आणि राजाचा हुकूम डोंगरापलीकडे पोचायला महिना लागत असे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

एका खोऱ्याच्या वरच्या अंगाला उघडाबोडका माळ होता. झाड म्हणाल तर एक हिवर आणि घर म्हणाल तर एकच. त्या घरात राही नावाची बाई राहत असे. ती घोंगड्या विणायची. माळावर मेंढरं घेऊन येणारा धनगर तिला लोकर द्यायचा. राही ती पिंजायची, कातायची, मागावर चढवायची, चिंचोक्याची खळ द्यायची आणि इतकी घट्ट घोंगडी विणायची की पावसाचं पाणी वरच्या वर ओघळून जाई.

राहीचा एक पाय लहानपणापासून अधू होता. नवरा होता तोवर तोच घोंगड्या खांद्यावर टाकून खोऱ्यात उतरायचा, गावागावांत पारावर बसायचा, घोंगडी उलगडून लोकांच्या हातात द्यायचा. एका पावसाळ्यात तापाने तो गेला. मूलबाळ नव्हतं. राही आणि माग, एवढेच दोघे उरले.

मग धुळबा नावाचा एक तट्टूवाला दर पौर्णिमेला माळावर येऊ लागला. खालून कोणी घोंगडी मागितली तर तो निरोप आणायचा, पुढच्या खेपेला घोंगडी घेऊन जायचा आणि त्याबदली आलेली ज्वारी आणून द्यायचा. पण लोक बिचकत होते. "न बघता, हात न लावता घोंगडी कोण घेणार?" असं म्हणत.

राहीला ते पटलं. तिने धुळबाबरोबर खाली शब्द पाठवला: "घोंगडी न्या, महिनाभर अंगावर घ्या. मनाला आली नाही तर धुळबाच्या हाती परत द्या. तुमची ज्वारी तुम्हाला परत मिळेल."

हा शब्द खोऱ्यात पसरला आणि घोंगड्या जाऊ लागल्या. पहिल्या वर्षी एकच परत आली, नदीवरच्या नावाड्याची. त्याचा निरोप होता, "घोंगडी झकास आहे. पण डोकं झाकलं की पाय उघडे पडतात, पाय झाकले की डोकं."

राही खुदकन हसली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. तिने हातभर जास्त लांब घोंगडी विणून पाठवली. नावाड्याने तिच्याबदली ज्वारी तर दिलीच, वर सुक्या मासळीची एक माळ धाडली.

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी मोठ्या गावच्या पाटलाच्या घरी लग्न निघालं. माघाचा महिना, कडाक्याची थंडी आणि दीडशे वऱ्हाडी. पाटलीणबाईंनी वीस घोंगड्या मागवल्या. राहीने दिवाळीपासून हात थांबवला नाही. वीस घोंगड्या गेल्या. वऱ्हाड आलं, झोपलं, जेवलं, गेलं. आणि पौर्णिमेला वीसच्या वीस घोंगड्या परत आल्या. निरोप होता, "टोचतात."

घोंगड्यांवर हळदीचे डाग होते. एकीला निखाऱ्याने भोक पडलं होतं. राहीने काही न बोलता पाटलांची ज्वारी परत केली.

वाईट वाट शिकवायला गुरू लागत नाही. पाटलांच्या घरी जमतं ते आपल्या घरी का जमू नये, असं गावाला वाटलं. पौषात घोंगडी मागवायची, थंडी काढायची आणि मुदत संपायच्या आत परत करायची. कोणी म्हणे वास येतो, कोणी म्हणे जड आहे. एकाने तर कळवलं, "काळी आहे." घोंगडी काळी नसणार तर काय हिरवी असणार? पण तीही राहीने परत घेतली. गावात म्हणच पडली: थंडीला राहीची घोंगडी, उन्हाला राहीलाच परत.

धुळबाला हे बघवेना. एकदा तट्टूवरचं ओझं उतरवता उतरवता तो म्हणाला, "मावशी, लोक तुला लुटतायत. माझ्या डोळ्यांदेखत लुटतायत. यातली एकही घोंगडी परत घेण्याजोगी नाही. तू एक शब्द बोल, मी उद्यापासून एकही आणणार नाही."

"आणत जा रे," राही म्हणाली.

"अगं, पण का?"

राहीने भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि ती दुसरीकडे बघत बसली.

खरं कारण तिने स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं. धुळबा उतरून गेला की ती परत आलेल्या घोंगड्यांचा ढीग उन्हात घ्यायची आणि एकेक घोंगडी मांडीवर उलगडायची. एकीला दुधाचा वास असायचा, म्हणजे त्या घरात तान्हं बाळ आहे. एकीत तपकीर सांडलेली असायची, म्हणजे कोणी म्हातारा आहे आणि त्याला शिंका येतात. एका घोंगडीच्या घडीत तिला इवलीशी बाहुली सापडली, चिंध्यांची. ती तिने फळीवर ठेवून दिली. नवी घोंगडी मुकी असते. परत आलेली बोलायची. दुसऱ्यांच्या घरातला धूर, फोडणी, भांडणं, अंगाई, सगळं तिच्या ओटीत यायचं. आपण फसवले जातोय हे राहीला चांगलं कळत होतं. पण नाही म्हटलं तर खालून काहीच येणार नाही, कदाचित धुळबाही येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

म्हणून ती गप्प राहिली. लक्षात ठेवा, ती गप्प राहिली.

वापरलेली घोंगडी नवी म्हणून विकायची नाही, हा तिचा नेम होता. त्यामुळे घरात विरलेल्या घोंगड्यांचा ढीग वाढला आणि ज्वारीची कणगी रिकामी झाली. धनगराने दोन हंगाम उधारीवर लोकर दिली. तिसऱ्या हंगामाला तो दारात उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, माझ्याही घरी चूल आहे." त्याची लोकर पलीकडच्या बाजाराला गेली. राहीचा माग रिकामा पडला.

त्याच वर्षी खोऱ्यात कधी पडली नव्हती अशी थंडी पडली. पहाटे घागरीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरू लागला. पौर्णिमेला धुळबा नावाड्याचा निरोप घेऊन आला. "त्याची आई खोकल्याने अंथरुणाला लागलीय. जुन्या घोंगडीत ती आणि नातवंडं मावत नाहीत. त्याला आणखी एक नवी हवी. ज्वारी आधीच दिलीय बघ."

राहीने रिकाम्या मागाकडे पाहिलं. मग ढिगातली प्रत्येक घोंगडी उजेडात धरली. त्यातल्या त्यात बरी होती ती, पाटलांच्या लग्नातून परत आलेली, निवडली, दिवसभर बसून रफू केली आणि ज्वारीसकट धुळबाच्या हवाली केली. "त्याला सांग, ही वापरलेली आहे. हिचं काही द्यायचं नाही. नवी विणायला माझ्याकडे लोकर नाही."

पुढच्या पौर्णिमेला धुळबा आला तो नेहमीसारखा लांबून हाक मारत आला नाही. तट्टू बांधून, पागोटं काढून तो ओट्यावर बसला.

"मावशी, नावाड्याची आई गेली. थंडी सोसली नाही तिला."

त्याने एक घडी पुढे केली. "ही त्याने परत दिलीय. म्हणाला, बाईंना सांग, आता लागत नाही. रिठ्याने धुऊन दिलीय."

राहीने घोंगडी मांडीवर उलगडली. नाकाशी नेली. धूर नव्हता, दूध नव्हतं, कोणाच्या अंगाचा वास नव्हता. उलटसुलट करून पाहिली. कुठेच काही नव्हतं.

"तो काही बोलला का रे मला?"

"नाही. तुझ्या पायाची चौकशी केली."

नवी घोंगडी असती तर म्हातारी वाचली असती, असं छातीवर हात ठेवून कोणीच सांगू शकत नाही. पण ती थंडीने गेली आणि तिच्या अंगावर विरलेली घोंगडी होती, एवढं खरं होतं. राहीने घोंगडीची घडी घातली. मग म्हणाली, "धुळबा, आज तट्टूवर ओझं लादू नकोस. मला बसव."

नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच खोऱ्यात उतरत होती. मोठ्या गावात शिरली तेव्हा बायका पाणवठ्यावरून वळून बघू लागल्या. ही कोण लंगडी बाई, तट्टूवर बसून चाललीय? राही मात्र प्रत्येक दाराशी थबकत होती. तपकीर ओढणारा म्हातारा तिला दिसला. दुधाच्या वासाचं बाळ आता धावत होतं. ती सगळ्यांना ओळखत होती. तिला कोणीच ओळखत नव्हतं.

पाटलांच्या अंगणात ती उतरली. पाटलीणबाई बाहेर आल्या.

"कोण हवंय?"

"मी राही. घोंगडीवाली."

पाटलीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तिथे कामाला असता का?"

"कुठे?"

"राहीच्या पेढीवर. आम्हाला वाटलं, वर मोठा कारखाना असेल. शंभर माग, शंभर माणसं. वीस घोंगड्या परत गेल्या तरी त्यांना काय कळणार?"

"माग एक आहे," राही म्हणाली. "आणि माणूस ही एवढीच."

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. पण मोठ्या घरची बाई, चटकन कशी नमणार? त्या म्हणाल्या, "शब्द तर तुमचाच होता ना? मनाला आली नाही तर परत द्या म्हणून?"

"माझाच होता. न बघता घेणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून दिला होता. तुम्हाला एक रात्र तरी टोचली का घोंगडी, खरं सांगा."

पाटलीणबाई पदर सारखा करू लागल्या.

"तुम्ही खोटं बोललात आणि मला ते कळत असून मी गप्प बसले," राही म्हणाली. "दोघींनी मिळून केलं हे. माझ्याकडे लोकर राहिली नाही. नावाड्याच्या आईला मी तुमच्या वऱ्हाडाने वापरलेली घोंगडी पाठवली. ती गेली."

"कोण? नदीवरची आई?" पाटलीणबाई पायरीवर बसल्या. "अहो, मी पहिल्यांदा सासरी आले तेव्हा नदीला पूर होता. होडीत मी रडत होते. पलीकडचा काठ येईपर्यंत त्या माउलीने माझा हात सोडला नव्हता."

 राही तट्टूवर बसली आणि वेशीशी थांबून तिने जमलेल्या लोकांना नवा शब्द दिला: "घोंगडी अजूनही परत घेईन. पण ज्याला परत द्यायचीय त्याने स्वतः माळावर यावं, माझ्या हातात द्यावी आणि खोट काय ती माझ्या तोंडावर सांगावी."

त्या वर्षी पाटलांनी बिनबोभाट वीस घोंगड्यांची ज्वारी पोचती केली. त्यांचं बघून आणखी काही घरांनी केली, काहींनी नाही केली. धनगर लोकर घेऊन पुन्हा आला. पुढच्या थंडीत घोंगड्या गेल्या आणि एकच परत आली. एक बुरूड ती घेऊन डोंगर चढून आला, घामाघूम झालेला. "इथे वीण सुटलीय, बाई." खरंच सुटली होती. चूक राहीची होती. तिने त्याला नवी दिली, ताक दिलं. तो घाईत होता, घटका दोन घटका बसून निघून गेला.

बाकी राहीचं घर पहिल्यापेक्षा शांत झालं. खोटेपणाने का होईना, जे चार वास वर यायचे तेही थांबले. कणगी भरलेली होती, माग चालू होता आणि दिवसभरात बोलायला कोणी नव्हतं. सरळ व्यवहाराने पोट भरतं. घर भरेलच असं नाही.

माघ संपता संपता एके दुपारी पाटलीणबाई डोंगर चढून आल्या. पायी आणि एकट्या. काखेत एक कोरी घोंगडी होती, त्यांनी त्याच हंगामात घेतलेली.

राहीने विचारलं, "हिच्यात काय खोट आहे?"

"काही नाही," पाटलीणबाई म्हणाल्या. "म्हातारीला वर्ष झालं म्हणून नावाड्याला द्यायला घेऊन गेले होते. त्याने हात जोडले आणि दारातूनच परत केली. म्हणाला, बाई, हिची गरज गेल्या वर्षी होती."

त्या ओट्यावर बसल्या. घोंगडी दोघींच्या मध्ये पडून राहिली. राहीने ती उचलली नाही, पाटलीणबाईंनीही उचलली नाही. माळावर वारा सुटला होता. बऱ्याच वेळाने पाटलीणबाई रडू लागल्या, तेव्हा राहीने त्यांच्याजवळ सरकून त्यांचा हात हातात घेतला आणि ऊन उतरेपर्यंत सोडला नाही.

म्हणून सांगतो: ज्याचा चेहरा दिसत नाही त्यालाही पोट असतं, आणि त्याला फसवून मिळवलेली ऊब कुठल्या तरी तिसऱ्याच्या अंगावरून काढलेली असते.